मॅजेंटो २ मध्ये मॉड्यूलांच्या स्टाइलशीट: कोणती फाइल कुठे ठेवायची आणि का

ठाण्यात राम मारुती रोडवर साडीचं दुकान आहे आणि आता त्याचं ऑनलाइन दुकानही काढायचं आहे, असं धरू. मॅजेंटो २ (ऑनलाइन दुकान चालवण्याचं सॉफ्टवेअर) बसवलं, त्याच्याबरोबर येणारी लुमा थीम लावली, की पहिली मागणी येते ती रंगाची: ‘कार्टचं बटण निळं नको, राणी कलर करा.’ काम पाच मिनिटांचं वाटतं. मग कुणीतरी व्हेंडर फोल्डरमध्ये, म्हणजे जिथे मॅजेंटोचा मूळ कोड असतो तिथे, शिरून थेट लुमाची फाइल बदलतं. बटण राणी कलर होतं, सगळे खूश. पुढच्या कंपोझर अपडेटला (कंपोझर हे मूळ कोड उतरवून घेणारं साधन) ते पुन्हा निळं होतं, आणि तोवर तो बदल कुठे केला होता हे कुणालाच आठवत नसतं.

व्हेंडर फोल्डरला हात लावायचाच नाही. सगळं काम आपल्या चाइल्ड थीममध्ये, म्हणजे लुमावर आधारलेल्या आपल्या स्वतःच्या थीममध्ये, करायचं, आणि तिथेही कमीत कमी जागा व्यापणारी फाइल निवडायची. व्हेरिएबलने (नाव दिलेल्या मूल्याने) भागत असेल तर सीएसएसचा नियम लिहू नका, नियमाने भागत असेल तर अख्खी फाइल कॉपी करू नका. खाली याच क्रमाने जाऊ. (फाइलींची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच हवीत.)

चाइल्ड थीमची उभारणी

जागा ठरलेली आहे: ॲप / डिझाइन / फ्रंटएंड, त्यात आपल्या नावाचं फोल्डर, त्यात थीमचं. समजा ‘ठाणे / पैठणी’. आत दोन फाइली लागतात. थीम डॉट एक्सएमएलमध्ये थीमचं शीर्षक आणि पॅरेंट म्हणून ‘मॅजेंटो / लुमा’. रजिस्ट्रेशन डॉट पीएचपीमध्ये थीमची नोंद. मग ॲडमिनमध्ये कंटेंट, डिझाइन, कॉन्फिगरेशन इथे जाऊन आपल्या स्टोअर व्ह्यूला ही थीम लावायची. लुमाची पॅरेंट ब्लँक आहे, म्हणजे साखळी पैठणी, लुमा, ब्लँक अशी झाली. मॅजेंटो स्टाइलची कुठलीही फाइल आधी पैठणीत शोधतं, नाही सापडली तर लुमात, मग ब्लँकमध्ये, शेवटी मॉड्यूलच्या (कॅटलॉग, चेकआउट अशा मॅजेंटोच्या एकेका भागाच्या) स्वतःच्या फोल्डरात. नावाने आणि मार्गाने जी फाइल आधी सापडते ती पूर्णपणे खालच्या फाइलीची जागा घेते. दोन्ही एकत्र मिसळत नाहीत. बहुतेक घोटाळे हे लक्षात न ठेवल्यामुळे होतात.

सगळं शेवटी कुठे जमा होतं

ब्राउझरला मुख्यतः दोन स्टाइलशीट मिळतात. स्टाइल्स-एम सगळ्या स्क्रीनसाठी, आणि स्टाइल्स-एल ७६८ पिक्सेल आणि त्याहून रुंद स्क्रीनसाठी. दोन्हींच्या लेस फाइली (लेस ही कंपाइल होऊन सीएसएस बनणारी भाषा) जवळजवळ सारख्याच आहेत. आत ओळींचा क्रम असा: रीसेट, सामायिक स्टाइल्स, मग सगळ्या मॉड्यूलांच्या ‘_मॉड्यूल’ फाइली, मग ‘_विजेट्स’, मग रिस्पॉन्सिव्हची लायब्ररी, मग आपली ‘_थीम’ फाइल, आणि शेवटी सगळ्या ‘_एक्स्टेंड’ फाइली.

‘_थीम’मधली व्हेरिएबल्स इतक्या उशिरा येऊनही आधीच्या मॉड्यूलांना कशी लागू पडतात, असा प्रश्न पडतो. लेस भाषेत व्हेरिएबलचं मूल्य ओळीच्या जागी ठरत नाही. त्याच व्याप्तीतली सगळ्यात शेवटची व्याख्या संपूर्ण फाइलीला लागू होते. म्हणून आपण शेवटी लिहिलेला रंग पहिल्या मॉड्यूललाही मिळतो.

मॉड्यूलांच्या फाइली ओढून आणणारी ओळ ‘स्लॅश स्लॅश ॲट मॅजेंटो_इम्पोर्ट’ अशी सुरू होते. दिसायला ती लेसमधली कॉमेंट आहे, पण मॅजेंटोचा प्रीप्रोसेसर ती वाचतो आणि तिच्या जागी प्रत्येक मॉड्यूलची फाइल आणून बसवतो. स्टाइल्स-एमची कॉपी थीममध्ये घेऊन ‘नको त्या कॉमेंट’ साफ करणाऱ्याने ही ओळ उडवली, की कॅटलॉग, चेकआउट, ग्राहकाचं खातं, सगळी पानं एका फटक्यात उघडी पडतात.

मॉड्यूलांच्या फाइली आपापसात कोणत्या क्रमाने येतात ते मॉड्यूल डॉट एक्सएमएलमधल्या सीक्वेन्सवर ठरतं. स्वतःचं मॉड्यूल लिहिलं असेल आणि त्याचे नियम कॅटलॉगच्या नंतर यायला हवे असतील, तर सीक्वेन्समध्ये कॅटलॉगचं नाव हवं.

पहिली पायरी: व्हेरिएबल

बटणाचा रंग इथेच सुटतो. पैठणी / वेब / सीएसएस / सोर्स इथे ‘_थीम डॉट लेस’ ठेवायची. पण ही फाइल लुमातही आहे, आणि आपली फाइल तिची जागा घेणार. म्हणून आधी लुमाची ‘_थीम’ जशीच्या तशी कॉपी करा आणि मग शेवटी आपल्या ओळी लिहा. कोरी फाइल करून त्यात फक्त राणी कलर लिहिला, तर लुमाने ठरवलेली बाकीची सगळी मूल्यं गळतात आणि साइट ब्लँकसारखी दिसू लागते. ‘रंग बदलला आणि सगळं डिझाइन बिघडलं’ असं कुणी सांगितलं, तर आधी हेच तपासावं.

मुख्य बटणासाठी एकच व्हेरिएबल पुरत नाही. ‘बटण-प्रायमरी__बॅकग्राउंड’ बदललं आणि ‘बटण-प्रायमरी__बॉर्डर’ तसंच राहिलं, तर राणी बटणाला निळी किनार येते. जोडीला होव्हरची पार्श्वभूमी आणि किनार, आणि दाबलेल्या अवस्थेची मूल्यंही द्या. नावांची रचना ठरलेली आहे: आधी घटक, मग दोन अंडरस्कोर, मग अवस्था, पुन्हा दोन अंडरस्कोर, मग गुणधर्म. लिब / वेब / सीएसएस / सोर्स / लिब / व्हेरिएबल्स या फोल्डरात बटणं, टायपोग्राफी, फॉर्म, टेबल यांच्या वेगवेगळ्या फाइली आहेत. नवीन माणसाने अर्धा दिवस त्या नुसत्या वाचून काढाव्यात. त्यानंतर निम्म्या मागण्या नियम न लिहिता पूर्ण होतात.

दुसरी पायरी: एक्स्टेंड

व्हेरिएबल नसलेली गोष्ट बदलायची असेल, उदाहरणार्थ उत्पादनाच्या यादीत साडीच्या नावाखाली बारीक जरीची रेघ, तर पैठणी / मॅजेंटो_कॅटलॉग / वेब / सीएसएस / सोर्स इथे ‘_एक्स्टेंड डॉट लेस’ करायची. ती मूळ मॉड्यूलच्या नियमांवर भर घालते, त्यांना हटवत नाही. संपूर्ण साइटला लागू होणारे नियम थीमच्या मूळ वेब / सीएसएस / सोर्समधल्या ‘_एक्स्टेंड’मध्ये जातात. मॉड्यूलवार फाइली ठेवा. सगळं एकाच मोठ्या फाइलीत ओतलं, की वर्षभराने कोणता नियम चेकआउटचा आणि कोणता कार्टचा हे शोधायला जो वेळ जातो तो वाया जातो. पॅरेंट थीममध्ये त्याच मॉड्यूलची ‘_एक्स्टेंड’ आधीच असेल, तर आपली तिची जागा घेते. तिथेही आधी कॉपी, मग भर.

या फाइलीत नियम मोकळे सोडायचे नाहीत. सामान्य नियम ‘मीडिया-कॉमन बरोबर ट्रू’ या अटीच्या कंसात आणि स्क्रीनच्या रुंदीचे ‘मीडिया-विड्थ’ मिक्सिनमध्ये (मिक्सिन म्हणजे लेसमधला पुन्हा वापरता येणारा नियमांचा गट) लिहायचे. कारण स्टाइल्स-एम आणि स्टाइल्स-एल दोन्ही याच फाइली ओढतात. मोकळा नियम दोन्हींत छापला जातो. फाइल फुगते, आणि स्टाइल्स-एल नंतर लागत असल्यामुळे मोठ्या स्क्रीनवर तो नियम पुन्हा येऊन मधल्या एखाद्या नियमावर बसतो. मोबाइलवर सगळं ठीक आणि लॅपटॉपवर विचित्र, असं दिसलं की मोकळा नियम शोधा.

मिक्सिनला फक्त ठरलेले ब्रेकपॉइंट कळतात: ३२०, ४८०, ६४०, ७६८, १०२४ आणि १४४० पिक्सेल. तिथे ९०० लिहिलं तर त्रुटी येत नाही, नियम गुपचूप गायब होतो. मधलाच आकडा हवा असेल तर कॉमनच्या कंसात साधी मीडिया क्वेरी लिहा. ‘कमाल ७६८’ म्हटल्यावर प्रत्यक्षात ७६७ पिक्सेलपर्यंतचा नियम तयार होतो, तेही ध्यानात असू द्या.

तिसरी पायरी: अख्खं मॉड्यूल बदलणं

मॉड्यूलची मांडणीच नव्याने करायची असेल तरच ‘_मॉड्यूल डॉट लेस’ आपल्या थीमच्या त्या मॉड्यूलच्या फोल्डरात कॉपी करा. आमच्या मते मिनी-कार्ट आणि चेकआउट सोडले तर याची गरज क्वचित पडते. कॉपी घेताना पहिल्या ओळीत ती मॅजेंटोच्या कोणत्या आवृत्तीतून घेतली ते कॉमेंट म्हणून लिहा.

बाहेरून विकत घेतलेली मॉड्यूल

स्लायडर, पिन कोडवरून डिलिव्हरीचा अंदाज, व्हॉट्सॲपचं बटण. अशी मॉड्यूल स्वतःची स्टाइल घेऊनच येतात. कशी, ते आधी शोधा. पानाचा सोर्स उघडा आणि हेडमधल्या स्टाइलशीटचे पत्ते वाचा. पत्त्यात स्टॅटिक, आवृत्तीचा आकडा, फ्रंटएंड, थीमचं नाव, भाषा आणि त्यानंतर मॉड्यूलचं नाव असतं. मॉड्यूलच्या नावाची स्वतंत्र सीएसएस दिसली, तर ती लेआउटमधून जोडलेली आहे. दिसली नाही, तर त्याचे नियम ‘_मॉड्यूल’ फाइलीतून स्टाइल्स-एममध्ये मिसळले असणार, किंवा टेम्प्लेटमध्येच इनलाइन लिहिलेले असणार. इनलाइन असतील तर टेम्प्लेट आपल्या थीममध्ये घेऊन साफ करण्याला पर्याय नाही.

स्वतंत्र सीएसएस असेल तर दोन मार्ग आहेत. तीच फाइल पैठणीच्या आत त्या मॉड्यूलच्या नावाच्या फोल्डरात, त्याच मार्गाने ठेवली की आपली लागते. किंवा ती काढूनच टाकायची. त्यासाठी पैठणी / मॅजेंटो_थीम / लेआउट इथे डीफॉल्ट_हेड_ब्लॉक्स डॉट एक्सएमएल करून हेडमध्ये रिमूव्हचा टॅग लिहा. त्यातला पत्ता मॉड्यूलने दिलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, मॉड्यूलच्या नावानंतरच्या दुहेरी कोलनसकट. एक स्लॅश जास्त झाला तरी काही होत नाही आणि त्रुटीही दिसत नाही. म्हणून तो पत्ता मॉड्यूलच्या लेआउट फाइलीतूनच कॉपी करा.

काढायची वेळ बहुधा दोन कारणांनी येते. एक, मॉड्यूल स्वतःचं बूटस्ट्रॅप घेऊन आलेलं असतं आणि ‘रो’, ‘कंटेनर’ अशा सर्वसाधारण नावांचे नियम सगळ्या साइटवर पसरतात. दुसरं कारण रेमचं. लुमा आणि ब्लँकमध्ये मूळ फॉन्टचा आकार ६२.५ टक्के ठेवलेला आहे, म्हणजे १ रेम = १० पिक्सेल. मॉड्यूल बनवणाऱ्याने १ रेम म्हणजे १६ धरून लिहिलं असेल, तर त्याचा मजकूर आपल्याकडे मुंगीएवढा दिसतो. अशा वेळी मूळ फॉन्टचा आकार वाढवू नका, बाकीची साइट फुगेल. त्या मॉड्यूलच्या आकड्यांना १.६ ने गुणून आपल्या एक्स्टेंडमध्ये लिहा. १ रेमचा १.६ रेम, ०.८७५ चा १.४.

‘इम्पॉर्टंट’ लावण्याआधी सोर्समध्ये कोणती स्टाइलशीट नंतर येते ते बघा. सिलेक्टरचं वजन सारखं असेल तर नंतर येणारी जिंकते. एक क्लास वाढवून काम होतं का ते आधी पाहावं.

मराठी अक्षरांसाठी

हा भाग आपल्याकडे सर्रास राहून जातो, म्हणून सविस्तर लिहितो आहोत. लुमाबरोबर येणाऱ्या ओपन सान्सच्या फाइलींत देवनागरी नाही. मराठी मजकूर आला की ब्राउझर फोनवर किंवा संगणकावर असेल तो फॉन्ट लावतो. विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. एकाच पानाचे तीन चेहरे. ‘मुक्त’ नावाचा किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट थीममध्ये ठेवणं उत्तम. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. ‘_टायपोग्राफी डॉट लेस’ पॅरेंट थीममधून (लुमात नसेल तर ब्लँकमधून) कॉपी करून तिच्यात फॉन्ट-फेस लिहा, आणि युनिकोड-रेंजमध्ये ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा द्या. म्हणजे इंग्रजी मजकूर ओपन सान्समध्येच राहील. त्या पट्ट्याबाहेरच्या दोन गोष्टी मुद्दाम जोडा: २०बी९, म्हणजे रुपयाचं चिन्ह, नाहीतर किमतीत चिन्ह एका फॉन्टचं आणि आकडे दुसऱ्याचे होतात. आणि २००सी ते २००डी हे अदृश्य जोडक. काही जुन्या कीबोर्डवर ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यावर’ यांतला अर्धा र या जोडकाने टाइप होतो. तो पट्ट्यात नसेल तर शब्द मधेच तुटलेला दिसू शकतो.

आता बटणाकडे जवळून पाहू. लुमाच्या बटणात अक्षर १४ पिक्सेल आणि ओळीची उंची १६. इंग्रजी एका ओळीत मावतं, म्हणून ते खपून जातं. ‘खरेदी सुरू ठेवा’ हे अरुंद फोनवर दोन ओळींत गेलं, की पहिल्या ओळीतल्या ‘रू’चा उकार दुसऱ्या ओळीतल्या ‘ठे’च्या मात्रेत घुसतो. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार अशा दोन्हीकडे जागा लागते. बटणाच्या ओळीची उंची २.२ रेम करा आणि वरखालचं पॅडिंग ७ वरून ५ पिक्सेलवर आणा. एका ओळीच्या बटणाची उंची २ पिक्सेलनेच वाढते. उत्पादनाच्या नावांना कुठे ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावलं असेल, तर तिथे ओळीची उंची किमान १.५ पट ठेवा, नाहीतर ‘पैठणी’वरच्या मात्रा कापल्या जातात.

शीर्षकांना दिलेलं अक्षरांतर मराठीसाठी शून्य करा. ते दिलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात.

नवरात्रीचे नऊ रंग

साडीच्या दुकानाकडून ही मागणी यायचीच: रोज त्या दिवसाचा रंग साइटवर दिसला पाहिजे. लेसच्या व्हेरिएबलने हे केलं, तर नऊ दिवस रोज पहाटे डिप्लॉय करावं, म्हणजे नवी सीएसएस बनवून सर्व्हरवर चढवावी लागेल. त्यापेक्षा सीएसएसचे कस्टम गुणधर्म वापरा. थीमच्या एक्स्टेंडमध्ये मुख्य बटणाची पार्श्वभूमी ‘व्हार’ फंक्शनने लिहा: पहिलं नाव ‘--रंग’, स्वल्पविराम, आणि मूल्य मिळालं नाही तर लागणारा राणी कलर. हे सगळं टिल्ड आणि दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे लेस त्याचा अर्थ न लावता ते जसंच्या तसं छापतं. होव्हर आणि फोकसलाही तेच द्या. लेसचं ‘डार्कन’ किंवा ‘लायटन’ अशा मूल्यावर चालत नाही, कारण कंपाइल होताना तिथे रंगच नसतो. कंपायलर त्रुटी देऊन थांबतो.

रोजचं मूल्य ॲडमिनमधून: कंटेंट, डिझाइन, कॉन्फिगरेशन, आपला स्टोअर व्ह्यू, एचटीएमएल हेड, आणि ‘स्क्रिप्ट्स अँड स्टाइल शीट्स’ ही चौकट. तिथे स्टाइल टॅगमध्ये रूटला दोन गुणधर्म द्या, पार्श्वभूमीचा आणि अक्षरांचा. अक्षरांचा विसरलात, तर पांढऱ्या रंगाच्या दिवशी पांढऱ्या बटणावर पांढरी अक्षरं येतात आणि त्या दिवशी कुणाला कार्ट सापडत नाही. पिवळ्या दिवशीही तेच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, म्हणून या दोन दिवशी अक्षरं गडद ठेवा. जतन केल्यावर सिस्टिम, कॅशे मॅनेजमेंट इथून पेज कॅशे रिकामा करा. पुढे सीडीएन (साइटच्या प्रती जागोजागी साठवून देणारी सेवा) असेल तर तोही.

दिवाळीला बॅनर, मांडणी, सगळंच बदलणार असेल, तर पैठणीचीच चाइल्ड थीम करा आणि कंटेंट, डिझाइन, शेड्यूल इथे तारखा द्या. ती थीमही आधी डिप्लॉय झालेली असली पाहिजे.

बदल दिसत नाही तेव्हा

कॅशे फ्लश करून काही होत नाही, अशी तक्रार महापे-ऐरोलीपासून वागळे इस्टेटपर्यंत सगळीकडे ऐकू येते. कॅशे फ्लश तयार सीएसएसला हातच लावत नाही. डेव्हलपर मोडमध्ये पब / स्टॅटिक / फ्रंटएंडमधलं आपल्या थीमचं फोल्डर आणि व्हार / व्ह्यू_प्रीप्रोसेस्ड ही दोन पुसा, मग पान पुन्हा उघडा. पब / स्टॅटिक अख्खं उडवू नका. त्यातली डॉट एचटीॲक्सेस गेली, तर अपाचेवर आवृत्तीचा आकडा असलेले सगळे पत्ते ४०४ देतात.

रोज काम करायचं असेल तर ग्रंट (लेस आपोआप कंपाइल करणारं साधन) बसवा. पॅकेज आणि ग्रंटफाइलच्या सॅम्पल प्रतींची नावं बदलून एनपीएम इन्स्टॉल चालवा, थीमची नोंद डेव्ह / टूल्स / ग्रंट / कॉन्फिग्समध्ये करा, मग ग्रंट एक्झेक, ग्रंट लेस आणि ग्रंट वॉच. जतन केलं की सेकंदांत नवी सीएसएस.

प्रॉडक्शन मोडमध्ये सेटअप: स्टॅटिक-कंटेंट: डिप्लॉय चालवताना वापरात असलेली प्रत्येक भाषा द्यावी लागते. इंग्रजी दिली आणि दुसरी राहिली, तर दुसऱ्या स्टोअर व्ह्यूवर स्टाइलशीट सापडत नाही. पूर्ण साइटच उघडी दिसत असेल, तर बहुतेक वेळा एखाद्या मॉड्यूलमध्ये कंस किंवा अर्धविराम सुटलेला असतो. सगळं एकत्र कंपाइल होतं, त्यामुळे एका मॉड्यूलची चूक सगळ्यांना भोवते. व्हार / लॉगमध्ये फाइलीचं नाव मिळतं. सीएसएस मर्ज आणि मिनिफाय शेवटी, सगळं तपासून झाल्यावर चालू करा.

तपासणी खऱ्या फोनवर करा. ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने साडी बघणारं गिऱ्हाईक ३६० पिक्सेल रुंदीच्या आसपासच्या स्क्रीनवर असतं. घरचं पान, यादी, साडीचं पान, मिनी-कार्ट, चेकआउटची दोन्ही पावलं, आणि ऑर्डरचा ई-मेल. ई-मेलची स्टाइलशीट वेगळी असते, तिथे राणी कलर आपोआप पोचला असं गृहीत धरू नका.

मॅजेंटोची नवी आवृत्ती आली की कॉपी केलेल्या प्रत्येक ‘_थीम’, ‘_टायपोग्राफी’ आणि ‘_मॉड्यूल’ची व्हेंडरमधल्या नव्या फाइलीशी डिफ काढा, म्हणजे ओळीओळीने फरक बघा. जे नवं आलं असेल ते आपल्या कॉपीत घ्या, आणि पहिल्या ओळीतला आवृत्तीचा आकडा बदला.